सरकी काढलेलं गाणं

नेकनूरला एस.टी.तून उतरलो तेव्हा बाजार नुकता भरत होता. बायका मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडत होत्या. गुरांच्या तळावरून शेणाचा आणि कडब्याचा वास येत होता, आणि कढईत भज्यांचा पहिला घाणा पडला होता. बाजारतळावरचं कडुलिंबाचं झाड अजून आहे. त्याच्या एका आडव्या फांदीवर बोटभर रुंद खाच पडलेली आहे. कुणाला विचारलं तर शेळीच्या दोरीनं पडली असेल म्हणतील. ती माझ्या कमानीच्या दोरीची आहे. त्या फांदीखाली रंगनाथ गायला उभा राहायचा आणि त्याच्या डाव्या हाताला मी बसायचो.

मी पिंजारी. आमचा धंदा आता राहिला नाही, म्हणून नव्या लोकांसाठी सांगतो. पुरुषभर उंचीची लाकडी कमान असते. तिला आतड्याची तात ताणून बांधायची, कमान दोरीनं वर टांगायची, आणि लाकडी ठोकळ्यानं ती तात कापसात छेडायची. धँव, धँव, टक. जुन्या लेपातला, म्हणजे पांघरायच्या रजईतला, दगडासारखा बसलेला कापूस त्या थरकापानं सुटतो, फुलतो, ढगासारखा वर येतो. घरभर भुरभूर उडते. विशीतच माझ्या भुवया पांढऱ्या दिसायच्या. बायको म्हणायची, तुम्ही घरात आलात की सासरेच आल्यासारखं वाटतं.

दसरा व्हायचा, पहिल्या वेचणीचा कापूस घरोघर यायचा, आणि सकाळी अंगावर गार पाणी घेववेनासं झालं की आमचा हंगाम सुरू. खांद्यावर कमान टाकायची आणि गावोगाव निघायचं. अशाच एका हंगामात नेकनूरपासून तासाभराच्या वाटेवरच्या एका गावात एका म्हातारीनं हाक मारली. तिच्या लग्नातला लेप होता. कापड विरलं होतं, पण आतला कापूस तिला टाकवत नव्हता.

तिचा मुलगा ओसरीवर वही घेऊन बसला होता. नेकनूरच्या सरकारी शाळेत तो मास्तर होता. शुक्रवार होता, शाळेला सुट्टी. शाळेत सगळं उर्दूत चालायचं, घरात बोलणं आपलं मराठी, आणि वहीत तिसरीच काही भाषा. माझ्याच वयाचा असेल. बायको प्लेगात गेलेली, आणि पुन्हा लग्नाचा विषय तो कुणाला काढू देत नव्हता.

मी कमान टांगली. चार ठोके पडले नाहीत तोच तो म्हणाला, "जरा थांबता का? मी लिहितोय."

"थांबलो तर लेप व्हायचा न्हाई, मास्तर. तुमच्या मायनं दुपारपातुर मागितलाय."

तो आत गेला. पुन्हा बाहेर आला. मग वहीत बघत ओठातल्या ओठात पुटपुटायला लागला, आणि त्याच्या ध्यानात आलं की त्याची ओळ माझ्या ठोक्यावर येऊन दर वेळी अडखळते. त्यानं ती दोनदा, तीनदा म्हणून पाहिली. शेवटी वही मिटून म्हणाला, "तुझ्या हातावर माझी ओळ बसंना."

"मोठ्यानं म्हना की. बघू."

त्यानं म्हटली. मेघ होता तिच्यात, अंबर होतं, करुणा होती, आणखी पुष्कळ होतं. म्हणून झाल्यावर त्यानं विचारलं, "कशी वाटली?"

"खरं सांगू का बरं वाटंल ते सांगू?"

"खरं सांग."

"कापूस चांगला हाय, मास्तर. पन सरकी लई हाय."

आत त्याची माय हसली. त्याचा चेहरा लाल झाला आणि तो ओसरीवरून उठून गेला. मला वाटलं, आता हे घर सुटलं. पण लेप भरून होईपर्यंत तो परत आला. वहीत सात शब्दांवर काट मारलेली होती. उभ्यानंच म्हणाला, "आता ठोका दे."

ते ऊन मला अजून आठवतं. ओसरीवर तिरपं पडलेलं. त्यात कापसाचे तंतू तरंगत होते, आणि त्याच्या मिशीवर दोन-तीन अडकले होते.

पुण्याच्या एका मासिकात त्याच्या दोन कविता छापून आल्या होत्या. ते अंक त्यानं लाल फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवले होते. पेटी उघडली की कापराचा वास यायचा. आपण कवी आहोत, पुण्या-मुंबईकडच्या लोकांनी आपलं नाव घ्यावं, एवढं एकच त्याच्या मनात होतं. ते कसं बदललं हे त्यानं मला पुढं एकदा वाटेनं चालताना सांगितलं. छापलेली कविता त्यानं मायला वाचून दाखवली. तिनं पदर नीट केला, देवाचं ऐकतात तशी ऐकली आणि म्हणाली, "लई चांगलं बोललास."

"पन काय बोललो?"

"ते मला रं काय ठावं. मोठ्या लोकाचं आसंल काईतरी."

हे सांगून त्यानं वाटेतला एक दगड पायानं उडवला. मग म्हणाला, "जिच्या हातची भाकर खाऊन लिहितो, तिलाच कळंना. मग मी लिहितो कावून?"

त्यानंतर दर शुक्रवारी तो मी असेन त्या गावाला यायला लागला. मी पिंजायचो आणि तो भिंतीला टेकून शब्द निवडायचा. सुपात दाणे घोळून खडे वेचतात तसं त्याचं चालायचं. मग एका बाजाराच्या दिवशी, नेकनूरला ह्या झाडाखाली, गर्दी माझ्या कमानीभोवती जमलेली असताना, तो मला न सांगताच उभा राहिला आणि म्हणाला, "ठोका तोडू नको."

*बोंड फुटलं*
*रान नटलं*
*मालकाच्या माडीवर*
*पांढरं दाटलं*
*वेचलं कोनी*
*माज्या मायनी*
*मायच्या अंगाला*
*चोळी न्हाई*

त्याचा आवाज गोड नव्हता. मोट हाकणाऱ्याचा असतो तसा होता, उघडा आणि लांब जाणारा. मिरच्या विकायला बसलेल्या एका बाईचा तराजू हातात तसाच राहिला. गाणं संपल्यावर कुणी वाहवा केली नाही. ती बाई एवढंच म्हणाली, "पुन्ना म्हना." त्यानं पुन्हा म्हटलं. तिसऱ्या वेळी शेवटची ओळ बायकांनीच म्हटली. परत येताना तो गावाजवळच्या ओढ्यात पाय बुडवून अंधार पडेपर्यंत बसला.

ही गोष्ट शाळेपर्यंत जायला दोन बाजार लागले. शाळेचे प्रमुख वयस्क मौलवी होते, स्वतः शेर लिहायचे. त्यांनी त्याला समोर बसवून समजुतीनं सांगितलं, "मास्टर, तुम लिखो, छापो, हमकू खुशी है. पन बजार में उभा रहके गाना, वो बी पिंजारे के साथ, सरकारी आदमीकू नै जमता. दोनों में से एक रखो."

त्यानं एक दिवस मागून घेतला. दुसऱ्या दिवशी वर्गाची हजेरी घेतली, मुलांना शेवटचा धडा वाचायला लावला, आणि शाळेची किल्ली मौलवीसाहेबांच्या टेबलावर ठेवून आला. मी त्या दिवशी मास्तरच्याच गावात होतो. मायनं ऐकलं आणि चुलीपुढून उठलीच नाही. तीन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. बारा कोस चालत जाऊन शिकलेला तो एकटाच होता त्या भावकीत. नोकरी म्हणजे त्या घराचा कणा होता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी भीत भीत म्हणालो, "मास्तर, जाऊन माफी मागा. अजून येळ गेली न्हाई."

"येळ गेली न्हाई, मीच गेलो," तो म्हणाला. "आता मास्तर म्हनू नको. रंगनाथ म्हन."

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो तेव्हा मायनं त्याच्या हातात भाकरीचं गाठोडं दिलं. नेहमीपेक्षा जड होतं. वाटेत सोडून पाहिलं तर दोघांपुरतं होतं, आणि माझ्या भाकरीवर लसणाची चटणी वेगळी बांधलेली, कारण मला तिळाची आवडत नाही हे तिनं कधीतरी ऐकून ठेवलं होतं.

ती चार-पाच वर्षं म्हणजे नुसती चालण्याची वर्षं. नेकनूरहून शिरूरच्या वाळलेल्या माळावर, तिथून खाली, एकदा तर थेट सिरसाळ्यापर्यंत. सिरसाळ्याच्या बाजारात हरभऱ्याचे ढीग असायचे आणि सगळ्या गावाला भाजल्या घाट्यांचा वास. शिरूरकडं पाणी कमी, माणसं कमी बोलायची, पण गाणं ऐकताना उठून जायची नाहीत. पाऊस सुरू झाला की मी घरी बसायचो आणि तो बायकांच्या खुरपणीच्या ओळीमागं बांधावर बसून त्यांचं बोलणं ऐकायचा. हुरड्याच्या दिवसांत शेतकरी हाक मारून बसवायचे. शेणकुटांच्या आरावर कणसं भाजायची, तळहातावर चोळायची, गरम दाण्यांवर फुंकर घालायची, आणि मग कुणीतरी म्हणायचं, "रंगनाथ, होऊ दे."

वाटेवरच्या धुळीत काठीनं गिरवून त्यानं मला अक्षरं शिकवली. पहिलं अक्षर 'क' काढलं आणि म्हणाला, ही तुझी कमान, ही तात. आज मी हे लिहितो आहे ते त्या धुळीतलं.

मग मानमोडीची साथ आली, तापाची. त्या दिवसांबद्दल मी फार बोलत नाही. गल्लीगल्लीतून कडुलिंबाचा पाला जाळल्याचा धूर. कापूस वेचणाराच नसल्यानं रानं पांढरी तशीच उभी. माझे अब्बा त्यात गेले. लेप भरायला कुणी बोलावत नव्हतं, उलट मेलेल्यांचे लेप लोक जाळत होते, आणि जळत्या कापसाचा तो कडवट वास माझ्या कपड्यांतून महिनाभर गेला नाही. रंगनाथ पडला. आठ दिवस मायनं त्याच्या छातीवर तेल चोळलं. तो वाचला, पण आवाज गेला.

गेला म्हणजे बोलता येत होतं. गायला लागला की दोन-चार शब्दांवर छाती दाटून यायची आणि खोकल्याची उबळ. हकिमानं सांगितलं, फुप्फुस कमजोर झालंय, आता गाणं विसरा. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत तो ओसरीवर पांघरूण घेऊन बसून राहिला. भावकीतले येऊन म्हणत, देवानं दाखवलं, आता तरी शाळेत विनंती करून बघ. तो पांघरूण वर ओढून घ्यायचा. मीही तेव्हा फारसा गेलो नाही.

संक्रांतीनंतर एका सकाळी गेलो तर माय म्हणाली, "हिरीवर हाय." विहिरीच्या काठावर तो उभा होता आणि पाण्यावर वाकून एकेक शब्द टाकत होता. रोज येत होता, असं नंतर कळलं. मला बघून म्हणाला, "चार शब्द येतात. पाचव्याला दम सुटतो."

"मग चारच घे की."

"आनि मंदी? दम भरूस्तोर लोकायनं काय ऐकावं?"

"मंदी मी हाय," मी म्हणालो.

तो काठावरून मागं सरला. मग म्हणाला, "जा बे, कमान आन."

लोक आता म्हणतात, रंगनाथ दर ओळीला थांबायचा, त्यातच गंमत आहे. शिकलेले लोकही असं काहीतरी म्हणतात. गंमत नव्हती, दम नव्हता. दोन ओळींमध्ये तो श्वास घ्यायचा आणि तेवढा वेळ मी तात छेडायचो. धँव, धँव, टक. लोकांना वाटायचं, तो मुद्दाम थांबतो. त्याच्या थांबण्यात शब्द आणखी आत जायचे. आवाज आता लांब जात नव्हता म्हणून माणसं जवळ सरकून बसायची. त्याची सगळ्यात चांगली गाणी त्या आजारानंतरची आहेत. तो स्वतः हे कबूल करायचा नाही. म्हणायचा, "लांब आवाजाची गानी राह्यली माजी."

तेव्हा वेठ चालायची. साहेब लोक दौऱ्यावर निघाले की त्यांचं सामान एका गावातून दुसऱ्या गावाला गावकऱ्यांनीच डोक्यावर पोचवायचं, फुकट, हातातलं काम टाकून. पेरणी असो, घरात मयत असो. शिरूरच्या अलीकडं एका गावात आम्ही गेलो होतो, तेव्हा एक माणूस पायाला चिंधी बांधून बसलेला होता. ओझ्याखाली काटा मोडला होता आणि पाय पिकला होता. रंगनाथ त्याच्याजवळ दिवसभर बसला. संध्याकाळी गाणं झालं.

*डोईवर ओझं*
*न्हाई ते माजं*
*सायबाची गादी*
*सायबाचा हुक्का*
*पायात काटा*
*तेवढाच माजा*

हे गाणं आमच्या आधी गावांत पोचायला लागलं. आम्ही एखाद्या वस्तीवर जायचो तर पोरीबाळींच्या तोंडी ते असायचं. आणि मग एका हिवाळ्यात एका दौऱ्यावर सामान उचललेल्या माणसांनी ते चालत चालत म्हटलं, साहेबांच्या घोड्यापुढं, गाव येईपर्यंत. साहेबांनी अर्थ विचारला. कुणीतरी सांगितला.

पोलीस अमीन, म्हणजे निजामाचा फौजदार, घरी आला. कागद वाचून दाखवला की रंगनाथानं बाजारात, जत्रेत, चावडीवर तोंड उघडायचं नाही, आणि तसं लिहून द्यायचं. रंगनाथ म्हणाला, "ऐकलं. लिहून देनार न्हाई."

"गाया तो अंदर," अमीन म्हणाला.

तो गेल्यावर माय म्हणाली, "आता काय करनार?"

"बाजार कवा हाय?" त्यानं मला विचारलं. मी सांगितलं. "मंग तू नेहमीसारखा जा. कमान लाव. मी नुसता बसतो."

त्या दिवशी ह्या झाडाखाली जेवढी माणसं जमली तेवढी मी पुन्हा पाहिली नाहीत. बंदी सगळ्यांना कळली होती. रंगनाथ बुंध्याला टेकून बसला, ओठ मिटून, हात मांडीवर. मी समोर कापूस पसरला आणि सुरुवात केली. पण साधं पिंजलं नाही. ओळीच्या जागा मोकळ्या सोडल्या. धँव, धँव, टक, आणि मग गप्प, बरोबर तेवढाच वेळ. पहिल्या वेळी त्या मोकळ्या जागेत नुसतं कुणीतरी खोकलं. दुसऱ्या वेळीही कुणी काही बोललं नाही, तरी मी ठोका तोडला नाही. तिसऱ्या वेळी मिरचीवालीनं, मिरच्या मोजता मोजता, मान वर न करता म्हटलं, "डोईवर ओझं." पुढची ओळ कांद्याच्या पाट्यांमागून आली. त्याच्या पुढची गुरांच्या तळावरून. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. जो तो आपापला सौदा करत होता आणि त्यातून गाणं पुढं सरकत होतं. रंगनाथाचे डोळे भरून आले होते. ओठ मात्र त्यानं हलू दिले नाहीत.

अमीन गर्दीतून आत आला. माझ्यापुढं उभा राहिला. "ये क्या चल रहा है?"

"कापूस पिंजतोय, साहेब."

"और ये लोगां?"

"त्येन्लाच इचारा."

त्यानं मिरचीवालीला विचारलं. ती म्हणाली, "म्या तर मिरच्या इकतेय, बाबा. तुमाला पायजेत का?" लोक हसले. हसले नसते तर बरं झालं असतं. अमीन चिडला आणि त्यानं माझ्या कमानीला हात घातला. बरोबरच्या शिपायाला म्हणाला, हे जप्त करा, आणि ह्यालाही घ्या.

रंगनाथ उठला. "त्याला सोडा, साहेब. त्याचा काई गुना न्हाई. गानं माजं हाय. म्या केलंय."

"तू तो गाया नै."

"तरी माजंच हाय."

मी मध्ये पडलो, तर त्यानं मला खांद्याला धरून खाली बसवलं आणि हळूच म्हणाला, "कमान गेली तर मंदी कोन हाय मला?" मग तो अमीनाच्या पुढं चालायला लागला. त्याला धरावं लागलं नाही, आणि कमान तिथंच राहिली.

चार महिने तो तालुक्याच्या कोठडीत होता. दर बाजाराच्या दिवशी माय आणि मी भाकरी घेऊन जायचो. भेटू द्यायचे नाहीत, भाकरी आत घ्यायचे. माय फाटकाबाहेर बसून राहायची आणि परत फिरताना एकदा भिंतीकडं बघून मोठ्यानं म्हणायची, "तीळ लावलेत रं." मी तिला म्हणालो, आत ऐकू जात नसेल. ती म्हणाली, "जाऊ दे न जाऊ दे. म्या बोललं तर पायजे."

सुटला तेव्हा हाडांवर कातडी राहिली होती. कोठडीत कागद नव्हता. अकरा गाणी त्यानं डोक्यात ठेवली होती आणि ती विसरतील म्हणून धास्तावला होता. तालुक्याहून घरी जायला आम्हाला सबंध दिवस लागला. दर झाडाखाली तो थांबायचा, एक गाणं माझ्याकडून पाठ करून घ्यायचा, मग पुढं निघायचा. उन्हाळ्याचे दिवस होते. करंजाच्या फुलांचा सडा पडला होता, आणि त्याचा उग्र गोडसर वास आला की मला आजही ती गाणी क्रमानं आठवतात. गावाच्या वेशीपाशी अकरावं झालं. तेव्हा कुठं तो म्हणाला, "आता भूक लागली."

तो कोठडीत होता त्या हिवाळ्यात दोन गावांनी साहेबांचं ओझं उचललं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा उचलावं लागलं. मी वाढवून सांगत नाही. पण त्या दोन गावांतली माणसं पुढं पुष्कळ वर्षं त्या हिवाळ्यापासून काळ मोजत. पोरगं तेव्हा पोटात होतं, बैल तेव्हा घेतला, असं.

सुटल्यावर तो आणखी सहा वर्षं गायला. बंदी उठली नव्हती, पण अमीन बदलून गेला आणि नव्याला नेकनूरच्या बाजारात भांडण नको होतं. दम दर वर्षी कमी होत गेला. चाराचे तीन शब्द झाले, तिनाचे दोन. गाणी लहान होत गेली आणि तो ती आणखी तासत गेला. शेवटी शेवटी तो मला म्हणायचा, "तू म्हन की एखादं. तुला समदी येतात."

"माजा आवाज म्हंजे फुटका माठ. लोक उठून जातील."

"जाऊ दे."

मी कधी म्हटलं नाही. हे मला लागून राहिलेलं आहे. तो जिवंत असताना त्याचं एक गाणं त्याला माझ्या तोंडून ऐकायचं होतं आणि मी लाजलो.

तो गेला तो चैत्रात, सकाळच्या वेळी, ओसरीवर. माय आत भाकरी थापत होती. दहाव्याला नदीकाठी सगळे जमले. भावकीतले होते, लांबच्या गावांची माणसं आली होती, मौलवीसाहेबही काठी टेकत आले होते आणि एका बाजूला दगडावर बसले होते. विधी झाले. पिंडाला कावळा शिवला. लोक उठायला लागले, तेव्हा मायनं मला हाक मारली. आता तिला नीट दिसत नव्हतं.

"त्याचं एखादं म्हन."

"मला गाता येत न्हाई, माय."

"मला ठावं हाय ते," ती म्हणाली. "पन मग कोन म्हननार?"

मी उभा राहिलो. त्याचं शेवटचं गाणं घेतलं, जे त्यानं बाजारात कधी म्हटलं नव्हतं.

*चल*
*आनखी थोडं*
*बांध दिसतो*
*आनखी थोडं*

आवाज फाटला. सूर कुठल्या कुठं गेला. मी थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. मायनं गुडघ्यावर हातानं ठोका धरला होता. मौलवीसाहेबांनी डोळे मिटले होते. कुणीही उठून गेलं नाही.

त्यानंतर मी ठरवलं, की नेकनूरचा बाजार चुकवायचा नाही. पिंजण्याची यंत्रं आली, आमचा धंदा बसला, निजामाचं राज्य गेलं, मुलानं बीडला शिवणकामाचं दुकान टाकलं आणि मला तिकडं नेलं. तरी बाजाराच्या दिवशी मी सकाळची गाडी धरतो. मुलगा म्हणतो, ह्या वयात कशाला? सूनबाई पाण्याची बाटली भरून देते. झाडाखाली उभं राहून मी त्याची दोन-तीन गाणी म्हणतो. काही माणसं ओळखतात. काहींना मी भिकारी वाटतो, ते पुढ्यात मूठभर फुटाणे ठेवून जातात. मी ते खातो. रंगनाथानंही खाल्ले असते.

आज कांद्याच्या ढिगाआड एक नवी, तरुण बाई बसलेली आहे. मी जागेवर येऊन उभा राहिलो तशी तिनं गिऱ्हाइकाला थांबवलं आणि मला म्हणाली, "बाबा, गेल्या बाजारी पाऊस आला अन् तुमी मंदीच उठून गेलात. ते गानं अर्धं राह्यलं. तिथून फुडं म्हना."

"तिथून न्हाई, बाई," मी म्हणालो. "पयल्यापासून म्हनतो."